जुन्या ऑइलच्या डब्यांसाठी रेनेसाँ वॅक्स : तीन पावसाळ्यांनंतरचे मत

मोटार ऑइलच्या जुन्या डब्याचे सारे मोल त्याच्या अंगावरच्या छपाईत असते. आतले तेल केव्हाच निरुपयोगी झालेले असते आणि नुसता पत्रा भंगाराच्या भावाने जातो. उरते ती केसापेक्षाही पातळ अशी रंगाची एक कातडी. बर्मा-शेलचा पिवळा शिंपला, मोबिलचा उडता लाल घोडा, कॅस्ट्रॉलचा हिरवा रंग या कातडीवरच असतात, आणि ती गेली की हातात नुसते गंजके टमरेल राहते. म्हणून डबे जमवणाऱ्याने सर्वांत जास्त विचार या कातडीचा करायला हवा, असे माझे ठाम मत आहे. त्याच विचारातून मी रेनेसाँ मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स पॉलिश हे मेण वापरायला घेतले. ठाण्यातल्या, खाडीपासून फार दूर नसलेल्या घरात, साठाच्या आसपास डब्यांवर, सलग तीन पावसाळे वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगतो : छपाई शाबूत असलेल्या पत्र्याच्या डब्यासाठी याहून चांगले साधन मला मिळालेले नाही. मात्र जे काम या मेणाचे नाहीच, त्याची अपेक्षा त्याच्याकडून करणारे अनेक संग्राहक मी पाहिले आहेत, आणि त्यांची निराशा अटळ असते.

मेणाने काय साधते हे समजण्यासाठी आधी डबा कसा बनतो ते पाहावे लागते. पोलादाच्या पातळ पत्र्यावर कथिलाचा मुलामा, त्यावर बहुधा पांढऱ्या रंगाचा अस्तर-थर, त्यावर एकेक करून छापलेले रंग आणि सर्वांत वर पारदर्शक वार्निश, अशी त्याची रचना असते. पत्र्यावर थेट दगडी शिळेने छापता येत नाही, म्हणून आधी एका मऊ पृष्ठावर ठसा घेऊन तो पत्र्यावर उमटवायचा, ही युक्ती इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कले यांनी १८७५ साली पेटंट केली. आज पुस्तके आणि वर्तमानपत्रे ज्या ऑफसेट पद्धतीने छापली जातात, तिचा जन्म कागदासाठी नव्हे तर पत्र्याच्या डब्यांसाठी झाला, हे आठवले की या डब्यांकडे पाहण्याची नजर बदलते.

कथिलाचा मुलामा पोलादाला जपतो, परंतु तो अखंड आहे तोवरच. सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले आणि तिथे दमट हवा पोहोचली की कथील सुरक्षित राहते आणि उघडे पडलेले लोखंड उलट अधिक वेगाने गंजते. जस्ताच्या मुलाम्याचे याच्या नेमके विरुद्ध असते, तिथे जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. त्यामुळे गॅल्वनाइज्ड बादली वर्षानुवर्षे टिकते, पण ऑइलच्या डब्यावर मात्र आधी तांबूस ठिपके दिसतात, मग ठिपक्यांभोवतीची छपाई फुगते आणि शेवटी खपलीसारखी गळून पडते. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत पावसाळ्यातली हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, त्यात हवेतला क्षार आणि धूळ. धूळ ओलावा धरून ठेवते, म्हणून डब्याच्या वरच्या कडेवर, जिथे धूळ साचते, तिथेच गंज प्रथम येतो. विदर्भात किंवा मराठवाड्यात राहणाऱ्या संग्राहकाला हा त्रास बराच कमी, पण त्याच्याकडे उन्हाळ्याचा ताप वेगळा, त्याविषयी पुढे लिहितो.

आता मेणाविषयी. ब्रिटिश म्युझियमच्या संशोधन प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात हे मिश्रण तयार झाले. त्यापूर्वी संग्रहालयांत मधमाशीचे मेण, कार्नोबा मेण अशा नैसर्गिक पदार्थांवर भर असे. त्यांत मुक्त आम्ले असतात, काळानुसार ती पृष्ठभागाला बाधू शकतात, आणि मधमाशीचे मेण मऊ असल्यामुळे धूळ त्याला चिकटून बसते. रेनेसाँमध्ये खनिज तेलापासून मिळणारे सूक्ष्मस्फटिकी (मायक्रोक्रिस्टलाइन) मेण आणि पॉलिथिलीन मेण व्हाइट स्पिरिटमध्ये, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रावकात, विरघळवलेले असते. डबीचे झाकण उघडल्यावर पांढरट, मलईसारखा घट्ट लगदा दिसतो आणि रंगाच्या दुकानात येतो तसा वास येतो. लावल्यावर व्हाइट स्पिरिट उडून जाते आणि मागे अतिशय पातळ, कठीण, पारदर्शक थर राहतो, ज्यावर बोटांचे ठसे उमटत नाहीत. मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा गुण मात्र वेगळा आहे : हा थर व्हाइट स्पिरिटने पुन्हा काढता येतो. आज आपण जे करतो ते उद्या कोणा जाणकाराला चुकीचे वाटले तर त्याला ते उलटवता आले पाहिजे, हे वस्तुसंवर्धनातले जुने तत्त्व आहे आणि पत्र्याच्या डब्यालाही ते तितकेच लागू पडते.

मेण लावणे हे दहा मिनिटांचे काम आहे, त्याआधीची स्वच्छता मात्र एका डब्याला कधीकधी अख्खा रविवार घेते. पुण्याच्या जुन्या बाजारातून किंवा मुंबईच्या चोर बाजारातून आणलेल्या डब्यावर तेल आणि धूळ यांचा काळा, चिकट लेप बसलेला असतो, आणि गॅरेजमध्ये आयुष्य गेलेल्या डब्यावर तर तो जवळजवळ डांबरासारखा असतो. तो रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने खसाखसा पुसण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. जुनी वार्निशे आणि शाया कोणत्या द्रावकाने सुटतील याचा अंदाज बाहेरून बांधता येत नाही. मी आधी डब्याच्या मागच्या जोडाजवळ, जिथे छपाई महत्त्वाची नसते, तिथे कापसाच्या काडीने साधे डिस्टिल्ड पाणी लावून पाहतो. कापसावर रंग आला नाही तर सौम्य, बिनवासाच्या द्रव साबणाचा एखादा थेंब घातलेले पाणी, आणि तेही निभावले तर व्हाइट स्पिरिट, अशा क्रमाने जातो. ही शेवटची चाचणी टाळून चालत नाही, कारण मेणातच व्हाइट स्पिरिट आहे. तिथे रंग सुटला तर त्या डब्याला हे मेण लावायचे नाही, इतके ते सरळ आहे. माझ्या साठांपैकी तीन डबे याच कारणाने मी बिनमेणाचे ठेवले आहेत.

स्वच्छ करताना डब्याच्या तळाशी किंवा जोडालगत असलेल्या बारीक अक्षरांवर विशेष लक्ष ठेवावे, कारण डब्याचे वय तीच अक्षरे सांगतात. मजकूर इंपीरियल गॅलनमध्ये असेल तर डबा बहुधा मेट्रिक मापे सक्तीची होण्याआधीचा, म्हणजे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा असतो. इंपीरियल गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर. डब्यावर स्टॅनव्हॅक असे नाव असेल तर तो १९६२ च्या आधीचा, कारण त्या वर्षी ती कंपनी विभागली गेली आणि ट्रॉम्बेची तिची रिफायनरी एस्सोकडे आली. एस्सो हे नाव भारतात १९७४ पर्यंत चालले, त्यानंतर हिंदुस्तान पेट्रोलियम आले. बर्मा-शेलचा कारभार १९७६ साली सरकारने घेतला. कॅस्ट्रॉलच्या डब्यावर वेकफील्ड हे नाव ठळक असेल तर तो सहसा १९६० च्या आधीचा, कारण त्या वर्षी कंपनीने स्वतःच कॅस्ट्रॉल हे नाव धारण केले. सर्वो हे नाव इंडियन ऑइलने १९७२ साली बाजारात आणले, म्हणून सर्वोचा कोणताही डबा त्याआधीचा असूच शकत नाही, विक्रेता काहीही सांगो. असा पुरावा एका जोरकस घासणीत कायमचा पुसला जातो, आणि तो पुसला गेलेला चकचकीत डबा माझ्या लेखी मळक्या डब्यापेक्षा गरीब असतो.

गंजाचेही तसेच. छपाईवर आलेल्या गंजाच्या ठिपक्याला मी हात लावत नाही, कारण गंज खरवडताना भोवतालचा रंग हमखास निघतो. तळ, झाकणाची आतली बाजू अशा बिनछपाईच्या जागी सुटा गंज अगदी बारीक पोलादी काथ्याने हलकेच काढतो आणि तिथे टॅनिक आम्लाचे पाणी लावतो. त्याने गंजाचे निळसर-काळ्या, स्थिर संयुगात रूपांतर होते. हिरडा आणि हिराकस यांपासून आपल्याकडे काळी शाई करत, तिच्या काळेपणामागेही लोह आणि टॅनिन यांची हीच जोडी आहे. डबा धुतल्यावर केस वाळवण्याच्या यंत्राच्या कोमट हवेने कडांच्या दुमडींतले पाणी पूर्ण घालवावे लागते. दुमडीत पाणी राहिले आणि वरून मेण बसले तर आपणच गंजाला आत कोंडले असे होते.

प्रत्यक्ष मेण लावताना हात आवरता यायला हवा. जुन्या, धुतलेल्या मलमलीच्या फडक्यावर वाटाण्याएवढे मेण एका लिटरच्या डब्याला पुरते. वर्तुळाकार हलक्या हाताने, एकेका बाजूला लावून, ते वाळण्याची वाट न पाहता लगेच दुसऱ्या स्वच्छ फडक्याने उजळावे. पहिल्या वर्षी जास्त मेण म्हणजे जास्त संरक्षण अशा समजुतीने मी दाट थर दिले. उठावाच्या अक्षरांच्या कोपऱ्यांत आणि झाकणाच्या आट्यांत पांढरी पूड दिसू लागली, ती मऊ ब्रशने काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या. चूक माझी होती. दोन पातळ थर, मध्ये एक दिवसाचे अंतर, एवढे पुरेसे आहे. काम खिडक्या उघड्या ठेवून आणि देवघर, गॅस यांपासून दूर करावे, कारण व्हाइट स्पिरिट पेट घेते. हातात नायट्राइलचे मोजे असावेत. ते वाफांपेक्षाही जुन्या डब्यांच्या झाळलेल्या जोडांसाठी मला आवश्यक वाटतात, कारण त्या झाळणीत शिसे असते.

परिणाम पाहण्यासाठी मी बर्मा-शेलचे, एकाच प्रकारचे, जवळजवळ सारख्या अवस्थेतले दोन डबे निवडले, एकाला मेण लावले, दुसऱ्याला नाही, आणि दोन्ही उघड्या फडताळावर शेजारी ठेवले. पहिल्या पावसाळ्यानंतर फरक पडला तो फक्त धुळीत : मेणाच्या डब्यावरची धूळ कोरड्या फडक्याच्या एका फेरीत गेली, दुसऱ्यावर ती चिकटून राहिली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बिनमेणाच्या डब्याच्या वरच्या कडेवर तांबूस रेघ आली आणि पिवळ्या रंगात चार-पाच नवे ठिपके दिसले. मेणाच्या डब्यावर एकही नवा ठिपका नव्हता, जुने दोन होते तेवढेच होते. तिसऱ्या पावसाळ्यात मात्र मेणाच्या डब्याच्या तळाच्या दुमडीतूनही गंज बाहेर डोकावला. तो आतून आला होता, आणि बाहेरून लावलेले मेण त्याला कसे रोखणार? रंगांच्या बाबतीत मेणाने जो बदल केला तो मला आवडला. लाल आणि हिरवा रंग किंचित खोल झाले, पण नव्या डब्यासारखी खोटी झळाळी आली नाही. कोरडे, खडूसारखे झालेले वार्निश पुन्हा स्वच्छ दिसू लागते, एवढेच. तीन वर्षांत मेण पिवळे पडलेले नाही.

याच कामासाठी लोक इतर जे उपाय करतात, त्यांतले बरेच मी आधी करून चुकलो आहे. रंगाच्या दुकानातला पारदर्शक लॅकरचा फवारा पहिले वर्ष सुंदर दिसतो. माझ्या एका एस्सोच्या डब्यावर तो दोन वर्षांत पिवळसर झाला आणि मग पापुद्र्यांनी सुटला, व सुटताना मूळ लाल अक्षरांचे तुकडे बरोबर घेऊन गेला. तो डबा मी अजून ठेवला आहे. गाडीच्या पॉलिशमध्ये बहुधा बारीक अपघर्षक असते, ते गाडीच्या जाड रंगासाठी असते, डब्याच्या छपाईसाठी नव्हे. खोबरेल किंवा मशीनचे तेल पुसून ठेवण्याची गॅरेजमधली पद्धत लगेच चमक देते, परंतु तेलावर धूळ बसते, धूळ ओलावा धरते आणि चक्र पुन्हा सुरू होते. मधमाशीचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या काचेआड ठेवलेल्या डब्याचा पत्रा पुरता तापतो, तिथे मऊ मेणावर धुळीचा लेप बसतो. सूक्ष्मस्फटिकी मेण अधिक तापमानापर्यंत कठीण राहते, म्हणून तिथल्या संग्राहकांसाठीही रेनेसाँच योग्य, असे मी म्हणेन. रंगाचे पोपडे आधीच सुटलेल्या डब्याला मात्र कोणतेही मेण घासू नये. असे पोपडे पॅरालॉइड बी-७२ सारख्या राळेने आधी जागच्या जागी बसवावे लागतात, आणि ते काम शिकलेल्या हातांचे आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचे केंद्र आहे. दुर्मीळ डब्यासाठी अशा ठिकाणच्या जाणकारांचा सल्ला घेण्यात संकोच वाटू देऊ नये.

आता मेणाच्या मर्यादा, ज्यांविषयी बोलले जात नाही. पहिली म्हणजे डब्याचे पोट. सीलबंद, भरलेला डबा अधिक मोलाचा समजला जातो, पण जुने तेल हवेशी संयोग पावून आम्लयुक्त होत जाते आणि उन्हाळ्यात प्रसरण पावून जोडांवर ताण देते. एके दिवशी जोड पाझरतो आणि खालच्या ओळीतल्या डब्यांचीही छपाई तेलकट होते. भरलेला डबा ठेवायचाच असेल तर तो खोलगट ताटलीत, इतरांपासून वेगळा ठेवावा. मी बहुतेक डबे तळाला दोन बारीक छिद्रे पाडून रिकामे केले आहेत, म्हणजे वरचे सील अखंड राहते. निघालेले तेल गटारात ओतणे अक्षम्य आहे. ते वापरलेले तेल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

दुसरी मर्यादा प्रकाशाची. मेण अतिनील किरणांना अडवत नाही. लाल आणि पिवळे रंग उन्हात विटतात आणि विटलेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. तिसरी मर्यादा हवेची, आणि माझ्या अनुभवात हीच निर्णायक आहे. मेणाचा थर ओलावा मंद करतो, थांबवत नाही. म्हणून दुसऱ्या पावसाळ्यापासून माझे चांगले डबे लोखंडी कपाटात आहेत. दाराच्या फटींना रबराची पट्टी, आत एक लहान आर्द्रतामापक, आणि प्रत्येक कप्प्यात नारंगी सिलिका जेलच्या पुरचुंड्या. खड्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखता आली तर मेण आणि कपाट मिळून पावसाळा निभावून नेतात. प्लायवूडचे किंवा लाकडी भुश्शाच्या फळ्यांचे बंद कपाट दिसायला सुंदर असले तरी मी टाळतो, कारण त्यातून सेंद्रिय आम्लांच्या वाफा निघतात आणि झाळणीतल्या शिशाला त्या विशेष बाधतात. पैसे मोजकेच असतील आणि मेण व कपाट यांत निवड करायची असेल, तर आधी कपाट करावे, असे या मेणाचा चाहता असूनही मी सांगेन.

अमेरिकेतून येणारे क्वार्टचे (साधारण लिटरभराचे) डबे जमवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आवश्यक आहे. तिथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, प्लॅस्टिकच्या बाटल्या येईपर्यंत, पुठ्ठ्याच्या अंगाचे आणि पत्र्याच्या झाकणांचे डबे सर्रास चालत. परदेशातले नातेवाईक हौसेने आणतात ते बहुधा हेच असतात, आणि दिसायला ते पत्र्याच्या डब्यांसारखेच वाटतात. नखाने हलके वाजवले की फरक कळतो. त्यांच्या पुठ्ठ्याच्या अंगाला मी मेण लावत नाही. छपाईला चीर असेल तर द्रावक पुठ्ठ्यात शिरते आणि गडद डाग राहू शकतो, जो मेण काढूनही जाणार नाही. फक्त वरखालच्या पत्र्याच्या चकत्यांना काडीने मेण लावावे. कागदी लेबल चिकटवलेल्या डब्यांनाही मी हाच नियम लावतो.

खरेदीविषयी थोडेसे. मेण ६५ आणि २०० मिलिलिटरच्या डब्यांत मिळते. ते इंग्लंडहून येत असल्याने आपल्याकडे ऑनलाइन किमतीत बराच फरक दिसतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी पाहून घ्यावे आणि पोहोचल्यावर आतले पत्र्याचे झाकण घट्ट आहे ना हे तपासावे, कारण झाकण सैल असेल तर व्हाइट स्पिरिट उडून मेण भेगाळते. किंमत पहिल्यांदा डोळ्यांत भरते, हे खरे. पण साठ डब्यांना दोन-दोन थर आणि दर वर्षी पावसाळ्याआधी गरज असेल तिथे एकेक नवा थर देऊनही माझी पहिली ६५ मिलिलिटरची डबी तिसऱ्या वर्षी संपली. शंभराच्या आत डबे असणाऱ्याने लहान डबीच घ्यावी. मी यंदाही लहानच मागवली आहे, आणि मृगाच्या आधी बर्मा-शेलच्या त्या बिनमेणाच्या जोडीदाराची तांबूस कड स्वच्छ करून त्यालाही आता मेण लावणार आहे, कारण प्रयोगासाठी एवढे नुकसान पुरे झाले.